मानवतावादी मंडळात ‘समलिंगी हक्क आणि धर्म’ हा विषय कसा मांडावा? (ठाणे)

तलावपाळी

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातल्या आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात समलिंगी व्यक्तींचे हक्क आणि धर्मांची भूमिका हा विषय घ्यायचा ठरला आहे. मांडणी मानवतावादी अंगानं हवी. दीड तास, पस्तीस-चाळीस माणसं. त्यात पक्के नास्तिक आहेत, तसेच माळकरी, बौद्ध, कॅथलिक आणि मुंब्र्याहून येणारे काही मुस्लिम सभासदही आहेत. बहुतेकांचं वय पन्नाशीच्या पुढे.

‘हे आमच्या धर्मात बसत नाही’ असं कुणी म्हटलं की उत्तर कुठून सुरू करायचं? ग्रंथांतले अनुकूल आधार काढून दाखवायचे की ग्रंथ बाजूलाच ठेवायचे? कायदा आज नेमका कुठे आहे? कारण ‘३७७ (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंडसंहितेतलं कलम) गेलं म्हणजे लग्नाला परवानगी मिळाली’ असं समजणारे खूप आहेत. आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती बैठक संपल्यानंतरची. अशा विषयानंतर कुणीतरी मागे थांबतं आणि स्वतःबद्दल किंवा मुलीबद्दल हळू आवाजात विचारतं. त्या माणसाच्या हातात काय ठेवायचं? ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ एवढ्यावर भागत नाही.

तर्करेषा

पहिली दहा मिनिटं शब्दांवर घालवा, ती वाया जात नाहीत. आपल्याकडे समलिंगी आणि तृतीयपंथी हे एकच समजतात आणि पुढची सगळी चर्चा त्या गोंधळावर उभी राहते. आपल्याला कुणाबद्दल ओढ वाटते हा झाला लैंगिक कल. आपण स्वतःला पुरुष, स्त्री की आणखी काही समजतो हा झाला लिंगभाव. गे पुरुष हा स्वतःला पुरुषच समजतो, लेस्बियन बाई स्वतःला बाईच समजते. कायद्यातही वाटा वेगळ्या आहेत: तृतीयपंथी व्यक्तींसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा ‘नालसा’ निकाल आणि २०१९ चा कायदा आहे, समलिंगी व्यक्तींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

मग फळ्यावर तीन शब्द लिहा: पाप, गुन्हा, रोग. विरोध करणारा माणूस एकाच वाक्यात तिन्हींवर उड्या मारतो, म्हणून ते सुटे करणं हेच त्या दिवशीचं मुख्य काम. रोग कोणता हे वैद्यकशास्त्र ठरवतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जुलै २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. गुन्हा कोणता हे संसद आणि न्यायालय ठरवतं, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं प्रौढांमधले संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. उरलं पाप. पाप काय हे ज्याच्या त्याच्या धर्मानं ठरवावं. मानवतावाद्याला त्यात ढवळाढवळ करायची गरज नाही. मात्र एकाच्या धर्मातलं पाप दुसऱ्याच्या आयुष्यावर कायदा म्हणून लादता येत नाही, आणि स्वतःच्या घरातल्या मुलाला उपाशी ठेवायची, कोंडायची, मारायची सबबही होऊ शकत नाही.

हा फरक धार्मिक लोकांनीही केला आहे, हे तुमच्या कॅथलिक सभासदांना सांगा. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये उठवलेलं ३७७ सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पुन्हा जिवंत केलं तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवून, चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही असं सांगितलं होतं. ठाणे आणि नवी मुंबई याच महाधर्मप्रांतात येतात. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही पाप आणि गुन्हा यांत फरक करायला सांगितलं. चर्चची शिकवण बदलली असा याचा अर्थ नाही, ती बदललेली नाही. पण पाप मानणारा माणूस तुरुंगाला विरोध करू शकतो, हे दिसतं.

आता ग्रंथांचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या बाजूचा पुरावा म्हणून ग्रंथ काढू नका. शिखंडी, मोहिनी, अर्धनारीश्वर अशी उदाहरणं लोक उत्साहानं देतात. ती बहुतेक लिंगभावाबद्दलची आहेत, समलिंगी प्रेमाबद्दलची नाहीत, आणि समोरचा लगेच मनुस्मृती उघडू शकतो. तिथे द्विजानं पुरुषाशी संग केला तर अंगावरच्या वस्त्रांसह स्नान हे प्रायश्चित्त सांगितलं आहे (अकरावा अध्याय). पण कुमारिकेनं कुमारिकेशी केल्यास दोनशे पण दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके, आणि मोठ्या बाईनं केल्यास मुंडण किंवा दोन बोटं तोडून गाढवावरून धिंड (आठवा अध्याय). ही तफावत मात्र बैठकीत जरूर मांडा. नियमाला चिंता आहे ती मुलीच्या कौमार्याची, म्हणजे लग्नाच्या बाजारातल्या तिच्या किमतीची. दोन बायकांचं प्रेम हा त्याचा विषयच नाही. पण ग्रंथ ‘आपल्या बाजूनं’ निघाला तरच हक्क मिळणार असेल, तर उलट श्लोक सापडताच तो जाईल. हक्क माणूस असण्यावर उभा राहिला पाहिजे.

दुसरा सापळा ‘जन्मतःच असतं’ या युक्तिवादाचा. लैंगिक कल ठरवून बदलता येत नाही हे खरं, पण हक्काचा सगळा भार त्यावर टाकू नका. २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात एकच एक ‘गे जीन’ सापडला नाही, आणि विरोधक तेवढंच धरून बसतात. त्यापेक्षा धर्माचंच उदाहरण घ्या. धर्म बदलता येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी तो ठरवून बदलला. तरीही राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद त्याला संरक्षण देतो, कारण ती माणसाच्या अंतर्मनाची बाब आहे. मग ओढ निवडलेली की न निवडलेली हा प्रश्न हक्काच्या बाबतीत गौण ठरतो. श्रद्धाळू माणसाला हे चटकन पटतं, कारण त्याचंच स्वातंत्र्य त्याच तर्कावर उभं आहे.

आणि हा विचार पश्चिमेकडून आला असं कुणी म्हणालं तर र. धों. कर्व्यांचं नाव घ्या. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरोधात गेला. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की घटनात्मक नीतिमत्ता ही उपजत नसते, ती जोपासावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, दोन्ही याच कल्पनेवर उभे आहेत: बहुसंख्यांना जे ओंगळ वाटतं त्यावरून अल्पसंख्याकाचा हक्क ठरत नाही.

एक विनंती: वादविवाद ठेवू नका. एका बाजूला धर्मगुरू आणि दुसऱ्या बाजूला गे तरुण बसवला की त्या तरुणाचं अस्तित्वच वादाचा मुद्दा होतं. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव न लिहिता, आणि चिठ्ठ्या सगळ्यांना वाटा, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. फोटो नाहीत, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

आर्या_नेरूळ

तर्करेषा, पाप-गुन्हा-रोग ही मांडणी उत्तम. ग्रंथ बाजूला ठेवण्याशी मात्र मी सहमत नाही, निदान या श्रोत्यांसमोर तरी नाही.

पन्नाशीपुढची श्रद्धाळू आई मुलाबद्दल कळल्यावर घटनेचा विचार करत नाही. देव आपल्यावर कोपला का, पूर्वजन्मीचं काही आहे का, हेच तिच्या डोक्यात असतं. तिला देव सोडायला सांगून मूल स्वीकारायला लावणं म्हणजे एकाच दिवशी दोन नाती तोडायला सांगणं. ती मूल सोडेल. म्हणून ग्रंथ पुरावा म्हणून नको, हे मान्य. पण ‘धर्म एकमुखानं बोलत नाही’ हे दाखवायला ग्रंथांची माहिती हवीच.

बौद्ध सभासदांसाठी: पंचशीलातलं तिसरं शील व्यभिचारापासून दूर राहायला सांगतं. पाली सुत्तांत त्याचा खुलासा येतो तो आई-वडिलांच्या, भावांच्या, पतीच्या आधारानं असलेल्या स्त्रियांशी गैरवर्तन न करण्याचा. गृहस्थाच्या समलिंगी संबंधांचा उल्लेख तिथे नाही. विनयात (भिक्षूंच्या नियमग्रंथात) ‘पंडक’ म्हणवल्या जाणाऱ्या व्यक्तींना प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुदीक्षा, नाकारली आहे, तेही लपवू नका. पण तो भिक्षुसंघाचा नियम, घरातल्या मुलाचा नाही.

मुस्लिम सभासदांसाठी: लूत पैगंबरांच्या लोकांची कथा कुराणात आहे आणि परंपरागत उलेमा समलिंगी संबंधांना निषिद्धच मानतात. ते नाकारलं तर तुमच्या बोलण्यावरचा विश्वास जाईल. पण ऐहिक शिक्षेबाबत फिक्हच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) शाळांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत. हनफी मतात यासाठी ‘हद्द’, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेली शिक्षा, नाही, ते काझीच्या विवेकावर सोडलं आहे. शाफई मत अधिक कडक. आपल्या भागात हा फरक पुस्तकी नाही, कारण कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि उत्तरेकडून आलेले बरेचसे हनफी. जिथे फकीहांचंच (धर्मकायद्याच्या जाणकारांचंच) एकमत नाही तिथे गल्लीतल्या चार पोरांनी कुणाला धमकावणं हे धर्माच्या नावावर खपवता येत नाही. एवढंच बोला, जास्त नको. दुसऱ्याच्या ग्रंथाचा अर्थ आपण लावायला बसलो की लोक बचावात जातात. त्यांच्यातल्याच जाणत्या माणसाला आधी भेटून हा भाग बोलायला तयार करा.

माळकऱ्यांना आश्वासन वेगळं लागतं: ‘उद्या देवळात असली लग्नं लावायला भाग पाडतील का?’ स्वच्छ सांगा, तशी मागणीच नव्हती. समलिंगी विवाहाच्या २०२३ च्या खटल्यात मुख्य भर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर होता, म्हणजे सरकारी कचेरीतल्या नोंदणीवर. भटजी, पाद्री किंवा काझीला कुणी ओढलेलं नाही. हे ऐकलं की निम्मा विरोध खाली बसतो.

कोर्टनाका

कायद्याचा भाग मी लिहितो. थोडं लांबेल, पण इथे अर्धवट माहिती घातक ठरते.

३७७ चा प्रवास: १८६० च्या दंडसंहितेत आलं, २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं परत आणलं, २०१८ मध्ये काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. याची काळी बाजूही आहे: प्रौढ पुरुषावर दुसऱ्या पुरुषानं बलात्कार केला तर ज्या कलमाखाली तक्रार व्हायची तेही गेलं, कारण बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे.

लग्न: सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. समलिंगी जोडप्यांना लग्नाऐवजी दिवाणी बंधनाची (सिव्हिल युनियन) मान्यता द्यावी की नाही यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली आणि मान्यता मिळाली नाही. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. निकालाप्रमाणे कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०२४ मध्ये केंद्राकडून काही खुलासे आले: संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, शिधापत्रिकेसाठी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. शेवटच्या दोन बाबतींत केंद्रानं राज्यांना पत्रं पाठवली आहेत. पत्र म्हणजे कायदा नव्हे, पण त्याची प्रत जवळ ठेवा. काउंटरवरचा कर्मचारी ‘असा नियम नाही’ म्हणतो तेव्हा तीच उपयोगी पडते.

म्हणून आज जोडप्याचं संरक्षण कागदांवर आहे. सुरुवात घरापासून करा. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. त्यात दोघांचीही नावं परवानाधारक म्हणून घाला. एकाचंच नाव असेल तर भांडणात किंवा मृत्यूनंतर दुसऱ्याला एका दिवसात बाहेर काढतात. घर विकत घेताना खरेदीखतातच दोघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. ‘नंतर बघू’ महागात पडतं: नवरा-बायको किंवा मुलांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (अधिभार वेगळा), पण कायद्यानं परक्या असलेल्या जोडीदाराला द्यायचं तर खरेदीइतकं पूर्ण शुल्क. शिवाय नातेवाइकाशिवाय इतराकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि आयकराच्या व्याख्येत समलिंगी जोडीदार नातेवाईक नाही.

हाउसिंग सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत द्या आणि कमिटीच्या सभेत त्याची नोंद झाल्याची शिक्का मारलेली प्रत घ्या. नुसता अर्ज सेक्रेटरीच्या कपाटात पडून राहिला तर उपयोग नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लाल अक्षरात लिहून ठेवा. तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. विमा पॉलिसीतही तसंच: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या मालकीची होते, जोडीदार नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हातात येतात, पण वारस मागू शकतात. भविष्य निर्वाह निधीत तर पंचाईत आणखी मोठी. सभासदाला योजनेच्या व्याख्येतलं कुटुंब असेल, अवलंबून असलेले आई-वडील धरून, तर बाहेरच्या माणसाच्या नावाचं नॉमिनेशन अवैध ठरतं. लोक फॉर्म भरून निश्चिंत होतात आणि तो फॉर्म रद्दी असतो.

ही सगळी भोकं बुजवतं ते मृत्युपत्र. ते केलं नाही तर जोडीदार वारसांच्या यादीत कुठेच नाही, पंचवीस वर्षं एकत्र राहिले तरी. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण घरचे आव्हान देतील अशी शक्यता असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि वयानं लहान असावेत, म्हणजे पुढे कोर्टात उभे राहू शकतील. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं मानसिक स्वास्थ्याचं पत्र जोडा. आई-वडिलांना काही देत नसाल तर का देत नाही ते एका वाक्यात लिहा. ज्या मृत्युपत्रात घरच्यांचा उल्लेखच नसतो त्यावर संशय घेणं सोपं जातं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. उरलेल्यासाठी हयातीत हिबा (बक्षीस) करता येतो, पण त्यात ताबा प्रत्यक्ष द्यावा लागतो.

दवाखाना. अनेक जण जोडीदाराच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवतात. ते नेमकं गरजेच्या वेळी निकामी होतं, कारण देणाऱ्याची समज हरपली की साधं मुखत्यारपत्र संपतं. त्याऐवजी दोन वेगळे कागद करा. एक, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १४ खाली मानसिक उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी: साध्या कागदावर, सही करून, जोडीदाराचं नाव. दोन, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या नियमांप्रमाणे जगण्याच्या शेवटच्या टप्प्यासाठीचं आगाऊ निर्देशपत्र: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. उपचार नाकारण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय कुणी घ्यायचा ते नाव त्यात असतं. एक प्रत महापालिकेत यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, एक नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलला लावा.

तलावपाळी

कोर्टनाका, मनापासून आभार. छापून वाटण्यासारखं आहे. आर्याताई, मुंब्र्याच्या एका ज्येष्ठ सभासदांशी आधी बोलतो.

दोन गोष्टी राहिल्या. मुलगी सज्ञान आहे आणि घरचे तिला कोंडतात, किंवा ‘उतरवून घ्यायला’ बाबाकडे नेतात, तर पायरीपायरीनं काय करायचं? आणि कुणी विचारलं की आम्हाला साधासा समारंभ तरी करता येईल का, तर?

पनवेल_समुपदेशन

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

बाबा-मांत्रिकाबद्दल आपल्या राज्याकडे असं हत्यार आहे जे या विषयात फारसं कुणी वापरत नाही: डिसेंबर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, अशा प्रकारांची आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रारीत मुलगी लेस्बियन आहे हे लिहायची गरजच नाही; काय केलं, कुठे, कधी, एवढं पुरेसं. याच कायद्यात पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन यांना स्पष्ट सूट आहे, म्हणून तुमच्या माळकरी सभासदांना हा कायदा आपल्या श्रद्धेविरुद्ध वाटायचं कारण नाही.

डॉक्टरनं ‘बदलण्याचे’ उपचार सांगितले तर ती व्यावसायिक गैरवर्तणूक आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. औषधाची चिठ्ठी, बिलं, मेसेज जपून ठेवा. तोंडी तक्रार टिकत नाही. सज्ञान व्यक्तीला आई-वडिलांच्या सांगण्यावरून मनोरुग्णालयात भरतीही करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणं हा मानसिक आजाराचा निकष नाही, आणि संमतीविना भरतीसाठी दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते.

घर सोडायचंच असेल तर घाईत निघू नका. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, बँकेचं पासबुक, गुणपत्रिका स्वतःजवळ घ्या. वयाचा पुरावा म्हणून नुसतं आधार पुरत नाही. घरातलं सोनं, रोकड, घरच्यांच्या नावावरचा फोन घेऊ नका, त्यावरून चोरीची तक्रार होते. निघाल्यावर त्याच दिवशी दोन पोलीस ठाण्यांना लेखी कळवा, जिथून निघालात आणि जिथे आहात: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं निघाले आहे, मला कुणी पळवलेलं नाही. पोचपावतीचा शिक्का घ्या. हे केलं नाही तर घरचे बेपत्ता झाल्याची नोंद करतात आणि जोडीदारावर अपहरणाचा संशय येतो. पोलिसांनी बोलावलं तर वकिलासोबत जाऊन जबाब द्या. जबाबानंतर सज्ञान व्यक्तीला पालकांच्या ‘ताब्यात देणं’ हा प्रकारच नाही.

कोंडून ठेवलं असेल तर जोडीदार किंवा मैत्रीण मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (डांबलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी) करू शकते. मार्च २०२४ मध्ये देवू जी. नायर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयांना बजावलं आहे की अशा व्यक्तीशी पालकांच्या दबावाबाहेर, एकट्यात बोला, तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नका. त्याआधी तातडीचा मार्ग म्हणजे दंडाधिकाऱ्याकडून शोध वॉरंट, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १००. मारहाण होत असेल तर मुलगी आई-वडील आणि भावांविरुद्धही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागू शकते. तो कायदा फक्त सुनांसाठी आहे हा गैरसमज आहे. मुलग्यांना तो लागू नाही, त्यांनी थेट पोलिसांत मारहाण आणि डांबून ठेवण्याची फिर्याद द्यावी.

नवी मुंबईकरांची इथे एक हमखास चूक होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे-पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचंच, पण मोफत कायदेशीर मदत मागायची तर बेलापूरवाल्यांनी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, खारघरवाल्यांनी अलिबागकडे किंवा पनवेलच्या तालुका समितीकडे जायचं. बाईला ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवलं तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा.

गे मुलांसाठी एक वेगळी सूचना: डेटिंग अॅपवरून बोलावून व्हिडिओ काढायचा आणि घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, हा प्रकार सर्रास चालतो. पहिला हप्ता दिला की मागणी वाढते. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक घेऊन सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा. आता संमतीचा संबंध गुन्हा नाही, त्यामुळे तक्रारदारालाच अडकवतील ही जुनी भीती धरून गप्प बसू नका.

तर्करेषा

समारंभाबद्दल: करता येतो, त्यात बेकायदा काहीच नाही. फक्त त्याला कायदेशीर परिणाम नाही आणि नोंदणी होत नाही. आपल्याकडे त्याला घरचा पाया आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ ला पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रियांच्या हक्कांचं मागते आणि वर वचन देतो. मध्यस्थ नाही, दान केलेली कन्या नाही. समलिंगी जोडप्याला हा साचा जवळचा वाटतो, कारण कन्यादान काढलं की वर कोण आणि वधू कोण हा प्रश्नच उरत नाही. वचनं स्वतः लिहावीत, आठ-दहा ओळी पुरतात. खबरदारी एकच: त्यानंतर कुठल्याही सरकारी फॉर्मवर ‘विवाहित’ किंवा ‘पती/पत्नी’ लिहू नका. खोटं प्रतिज्ञापत्र जोडप्याच्याच अंगाशी येतं, आणि पुढे मृत्युपत्रावर वाद झाला की तेच कोर्टात फिरवलं जातं.

आर्याताईंचा मुद्दा मला पटला. मुलाला देवाच्या कोपाचं चिन्ह समजणाऱ्या आईला आधी मूल हवं, तर्क नंतर. तरी विनंती एवढीच की ग्रंथांवरचा भाग वीस मिनिटांपेक्षा वाढू देऊ नका. तो वाढला की कोर्टनाका आणि समुपदेशनताईंनी लिहिलेलं सांगायला वेळच राहत नाही, आणि मागे थांबणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

तलावपाळी, एक पानी पत्रक करा, दोन्ही बाजूंना छापलेलं, घडी घालून पाकिटात मावेल असं. एका बाजूला कागदपत्रांची यादी: भाडेकरार, मृत्युपत्र, प्रतिनिधी, निर्देशपत्र. दुसरीकडे क्रमांक: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, विधी सेवा १५१००, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, सायबर १९३०. मथळ्यात ‘समलिंगी’ हा शब्द घालू नका. ‘सज्ञान नागरिकांचे हक्क’ एवढंच ठेवा, म्हणजे घरी कुणाच्या खिशात सापडलं तरी त्याला उत्तर द्यावं लागणार नाही. आणि गठ्ठा दाराशी टेबलावर न ठेवता प्रत्येक खुर्चीवर एक ठेवा.